टॉवरखालचा मणेर

गावाचं नाव विचारू नका. कराडपासून एस.टी.नं अर्ध्या तासाचं अंतर, एवढं पुरे. नाव सांगितलं तर तिथल्या बायका सांगणाऱ्याची काही खैर ठेवायच्या नाहीत, आणि त्या बायका म्हणजे काय प्रकरण आहे ते पुढं कळेलच.

त्या गावात एक मणेर गल्ली आहे. नाव मणेर गल्ली, पण मणेराचं घर आता एकच उरलंय, चांदसाहेबाचं. बाकी सगळे मराठे. कुणाचा ऊस, कुणाचा पोरगा मिलिटरीत, कुणाचं दोन्ही. चांदसाहेब बांगड्या भरतो. बाप भरायचा, आजा भरायचा. घराच्या पुढच्या सोप्यात चटई टाकलेली, मागं काचेचं कपाट, भिंतीला दोरीत ओवून टांगलेल्या बांगड्या. झालं दुकान.

ह्या माणसाचा एक हट्ट होता. हात समोर आल्याशिवाय बांगडी द्यायचा नाही. कुणी म्हणालं, मामू, घाईत आहे, कागदात गुंडाळून दे, घरी भरते, की हा मान हलवायचा. बांगडी म्हणजे काय कांदे-बटाटे आहेत पिशवीत घालून न्यायला? बस खाली, दे हात. मग तो हात घ्यायचा, अंगठा आत दुमडायचा, बोटांची मुळं हळूहळू दाबत राहायचा, आणि बाई घरची कटकट सांगत असतानाच बांगड्या मनगटात जाऊन बसलेल्या असायच्या. एकदा भरलेल्या हाताचं माप तो विसरत नसे. बायका त्याच्यापुढं काय काय बोलून जायच्या, पण ते त्या चटईवरनं उठून कधी बाहेर गेलं नाही. त्यानं तोंड उघडलं असतं तर गल्लीतल्या निम्म्या घरांत वाटण्या झाल्या असत्या, असं राहीआक्काच म्हणायची.

राहीआक्का म्हणजे समोरच्या घरची म्हातारी. तिच्या घरातली सून असो, लेक असो, नात असो, पहिला चुडा चांदसाहेबाच्या हातचा. ती त्याला चांदू म्हणते. गावात त्याला चांदू म्हणणारं आता तेवढंच एक माणूस राहिलंय.

दोन वर्षांमागं त्याची बायको जरिना गेली. दुकानात ती त्याच्या मागं बसून मापाच्या बांगड्या हातात देत असे. ह्यानं हात पुढं करायचा, मागं बघायचं नाही; बांगडी बरोबर यायची. मिरजेच्या दवाखान्यात तिला तपासायला आत नेताना नर्स म्हणाली, बांगड्या काढा. चांदसाहेबानं साबण लावून एकेक बांगडी काढली, एकही वाढू दिली नाही; बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पुन्हा भरायची वेळ आलीच नाही. त्या दिवसापासनं हा माणूस बधिर झाला. रडला नाही, भांडला नाही, जेवण टाकलं नाही. कुणी काही म्हणालं की 'चालतंय की' म्हणायचा, आणि समोरचा काय म्हणाला ते त्याच्या डोक्यात शिरलेलं नसायचं.

अशा माणसाकडं त्याचा मुलगा सद्दाम टॉवर घेऊन आला.

सद्दाम पुण्यात असतो. नोकरी, फ्लॅट, हप्ते, बायको, एक पोरगी तहरीम. पोरगा वाईट नाही, उगीच बोल लावायला नको. दर रविवारी बापाला फोन करायचा, तहरीमला बोलायला लावायचा. त्याच्या ओळखीतल्या एकानं सांगितलं, गावाकडं घराच्या स्लॅबवर मोबाइलचा टॉवर बसवून घ्या, भाडं येईल, पंचायतीची परवानगी काय, ती मागनं होत राहते. सद्दामनं बापाला विचारलं. बाप म्हणाला, चालतंय की. कागदावर सही केली. कसला कागद, वाचला का, देवाला माहीत.

लोखंडाचे सांगाडे आले, पोरं आली, आणि बघता बघता चांदसाहेबाच्या डोक्यावर टॉवर उभा राहिला. खाली बोळात जनरेटर. लाइट गेली की तो जनरेटर सुरू व्हायचा, आणि आपल्याकडं लाइट किती वेळ असते ते काय सांगायचं! धडधड, धूर, डिझेलचा वास. शेजारची राजेश्वरी त्यानं हैराण झाली. तिचं तान्हं पोर, आणि तिची न् मणेराची भिंत एक. पोर डोळा लावायचं की जनरेटर धडधडायचा. त्यात भर म्हणून गल्लीत कुणी काय, कुणी काय सांगायला लागलं. टॉवरनं डोकी दुखतात, चिमण्या गेल्या, आणखी काय काय होतं. त्यातलं खरं किती, खोटं किती, कुणाला ठाऊक? पण धूर खरा होता आणि राजेश्वरीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं खरी होती.

ती आधी नीट सांगायला आली. मामू, जनरेटर तरी हलवा म्हणाली. हा म्हणाला, चालतंय, पोराला सांगतो. सांगितलंही. पुण्यात त्याचं भिजत घोंगडं पडलं. राजेश्वरी तशी शिकलेली, गप्प बसणारी नव्हे. तिनं पंचायतीत जाऊन विचारलं, तर टॉवरला परवानगीच नाही. अर्जसुद्धा नाही! ग्रामसेवक म्हणाला, बघतो. त्याचं ते बघणं उन्हाळाभर चाललं. बाहेरची दोन-चार टगी पोरं मधेच येऊन ह्या भांडणाला भलताच रंग द्यायला लागली होती. राजेश्वरीनंच त्यांना झाडलं. आमच्या गल्लीचं भांडण आहे, आमचं आम्ही बघू, तुम्ही आपल्या वाटेनं चालू लागा म्हणाली. ती पोरं गेली.

पण पाणी डोक्यावरनं गेलं होतं. बायकांनी ठरवलं, टॉवर उतरेपर्यंत मणेराच्या पायरीला पाय लावायचा नाही. हात दुसरीकडं भरायचे. कराडात काय कासार नाहीत?

चांदसाहेब सोप्यात बसून राही. समोरनं बायका जायच्या, माना पलीकडं वळवून. त्याला वाईट वाटत होतं का? विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. बांगड्या पुसायचा, परत टांगायचा. एकच गोष्ट तेवढी त्याच्या बधिरपणात काट्यासारखी रुतून होती. राहीआक्काच्या नातीचं, शिवांजलीचं लग्न ठरलं होतं. पाळण्यातल्या काळ्या मण्यांच्या बांगड्यांपासनं त्या पोरीचा हात त्यानं वाढताना बघितला होता. जरिना तर तिला मांडीवर घेऊन बसायची. आपल्या डोळ्यांसमोर शिवांजलीचा चुडा दुसऱ्यानं भरला, तर मग आपण इथं कशाला बसलोय, एवढंच त्याला कळत होतं. बाकी टॉवर राहिला काय, गेला काय, त्याचं त्याला सोयरसुतक नव्हतं.

आणि एके दिवशी दुपारी दगडाबाई पायरी चढून आली.

दगडाबाई राहीआक्काच्या भिंतीला भिंत लावून राहणारी. कामाला वाघ, बोलायला तोफ, पण त्या दिवशी तोंडातनं शब्द फुटेना. म्हणाली, हिरव्या दे, दोन डझन. चांदसाहेब म्हणाला, हात? ती म्हणाली, हात-बित राहू दे, कागदात बांध.

आता ह्याच्या डोक्यात काय आलं बघा. ह्याला वाटलं, राहीआक्कानं पाठवलंय. म्हातारी मानी. गल्लीचा शब्द मोडून आपल्या पायरीवर यायची नाही, पण नातीला बांगड्या दुसऱ्याच्या घालायच्या नाहीत. म्हणून दगडाबाईला पुढं केलं. कुणी काही बोललं नव्हतं हां. सगळं ह्याचं ह्यानंच ठरवलं. कितीतरी दिवसांनी त्याच्या छातीत काहीतरी हललं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं हात न बघता बांगड्या काढल्या. सव्वादोनाचं माप, शिवांजलीचं. कपाटातल्या सगळ्यांत चांगल्या, सोनेरी ठिपक्यांच्या. एकेक टिचकी मारून वाजवून बघितली, कापसात ठेवली, कागदात बांधली. दगडाबाई पैसे द्यायला लागली तर घेईना. आक्काकडनं घेईन की नंतर, म्हणाला. दगडाबाईला काही उमगेना. ह्याचं डोकं फिरलंय असं समजून ती पुडकं घेऊन चालू पडली.

त्या बांगड्या होत्या ग्रामसेवकासाठी.

बायकांचा मोर्चा ठरला होता. साहेबाला टॉवर उतरवायचं धाडस होत नसेल, तर घ्या म्हणावं बांगड्या, भरा हातात. असा आहेर आपल्याकडं काही नवा नाही. फक्त त्या आणायच्या कुठनं हा विचार कुणी केला नाही. बांगड्या म्हटल्यावर त्या गल्लीतल्या बाईचे पाय मणेराच्याच पायरीकडं वळणार. बहिष्कार घातलेल्या माणसाकडनंच मोर्च्याच्या बांगड्या आणल्या! सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही.

मोर्चा गेला तर ग्रामसेवक जागेवर नाही. तालुक्याला मीटिंगला गेला म्हणे. बायका उन्हात ताटकळल्या, घोषणा देऊन घसे बसले, आणि हात हलवत परत फिरल्या. गल्लीत आल्या तेव्हा जनरेटर धडधडत होता. राजेश्वरीच्या घरात पोर टाहो फोडत होतं. तिच्या डोक्यात तिडीक गेली. दगडाबाईच्या हातातलं पुडकं तिनं ओढून घेतलं आणि मणेराच्या पायरीवर आपटलं.

"साहेब न्हाई गावला, मग घरमालकानंच घ्यावा आहेर," म्हणाली.

कागद फाटला. काच पायरीभर झाली. चांदसाहेब सोप्यातच बसला होता. तो उठला, उकिडवा बसला, एक तुकडा उचलून उजेडात धरला. सोनेरी ठिपका होता. बोट कापलं ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

"ह्या तर शिवांजलीच्या मापाच्या हायत," तो म्हणाला.

ह्यानं पैसे का घेतले नाहीत ते दगडाबाईला आत्ता कळलं. नवरीसाठी म्हणून काढलेला हिरवा चुडा गल्लीतल्या सवाशिणींनीच पायरीवर फोडला होता. मागं उभ्या असलेल्या राहीआक्काचं तोंड पांढरं पडलं. ती काठी टेकत घरात गेली. राजेश्वरी तिथंच उभी राहिली, पोर रडत होतं तरी. चांदसाहेबानं केरसुणी आणली आणि पायरी झाडून काढली. अनवाणी पायाला काच लागायला नको म्हणून पुन्हा ओल्या फडक्यानं पुसली. त्याला राग आला नाही. आपल्याला राग का येत नाही, ह्याचंही त्याला काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी राहीआक्का आली. पायरी चढली नाही, खालीच काठी टेकून उभी राहिली. काल रात्रभर तिच्या मनात अशुभाचं नाही नाही ते येऊन गेलं होतं, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

"चांदू, घर तुझं हाय. टॉवर तुझ्या डोक्यावर हाय. तू उठलास तर त्यो जाईल. चुडा तुझ्याच हातचा पायजे मला. पर त्या जनरेटरखाली माझी पोर मी बसवायची न्हाई," ती म्हणाली. मग म्हणाली, "न्हाईतर कराडास्नं माणूस बोलवाय लागंल. मला बोलवायचा न्हाई गड्या."

त्यानं सद्दामला फोन केला. सगळं सांगितलं, जमेल तसं. सद्दामला आधी काही कळेचना. बांगड्या भरायला मिळाव्यात म्हणून बाप टॉवर काढायला निघालाय? मग भडकला. करार झालाय, हप्ते त्यावर चाललेत, उद्या कंपनी नुकसान मागेल, तुम्हाला व्यवहार कळतो का. चांदसाहेब ऐकत राहिला. मग सद्दामचा आवाज खाली आला आणि ते जास्त वाईट होतं. तो म्हणाला, "अब्बा, तुम्हाला गल्लीतल्या बायकांचे हात दिसतात. माझे हात रिकामे झाले तर चालेल. ठीक आहे. टॉवर काढलात तर मला फोन करू नका."

त्यावर मात्र 'चालतंय की' त्याच्या तोंडातनं निघालं नाही. फोन बंद झाल्यावरही त्यानं तो बराच वेळ कानालाच धरून ठेवला होता.

पोरगा की चुडा, असं कुणी तराजूत घालून दाखवलं असतं तर तोही गडबडला असता. पण त्यानं तसं मोजलंच नाही. त्याला वाटलं, रागावलाय, येईल ताळ्यावर, रक्ताचा आहे. शिवांजलीचं लग्न मात्र थांबणार नव्हतं. पोरगा ताळ्यावर येईल असं बापाला नेहमीच वाटतं.

सकाळी धुतलेली टोपी घालून तो पंचायतीत गेला. ग्रामसेवक ह्या खेपेला सापडला. चांदसाहेब म्हणाला, तक्रार द्यायची आहे. कुणाविरुद्ध? माझ्याविरुद्ध. माझ्या घरावर बिगरपरवाना टॉवर आहे, तो उतरवा. ग्रामसेवकानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. शिपाई तोंडाला फडकं लावून हसायला लागला. आजवर भावानं भावाविरुद्ध तक्रार दिलेली त्यांनी बघितली होती, सासऱ्यानं जावयाविरुद्ध बघितली होती. आपल्याच छपराविरुद्ध तक्रार घेऊन आलेला हा पहिलाच. पण घरमालकच नको म्हणतोय म्हटल्यावर साहेबाला पळवाट राहिली नाही. राजेश्वरीचा अर्ज तालुक्यापर्यंत गेलेला होताच. आधी जनरेटरला सील लागलं, मग वीज तोडली, मग ज्या पोरांनी टॉवर चढवला होता तीच पोरं येऊन तो उतरवून घेऊन गेली. गल्लीनं फटाके लावायचं ठरवलं होतं. राजेश्वरी नको म्हणाली.

रविवार आला. चांदसाहेब फोन पुढ्यात ठेवून बसला. पुढचा रविवार आला. त्यानं आपणहून लावून बघितला. एकदा वाजत राहिला, पुढं वाजायचाही बंद झाला.

शिवांजलीच्या चुड्याचा दिवस उजाडला. राहीआक्काच्या अंगणात मांडव पडला होता. बोलावणं करायला राहीआक्का स्वतः आली, आणि ह्या खेपेला पायरी चढून आली. चांदसाहेब पेटी घेऊन गेला, पाटावर बसला. आधी नवरीचा हात, मग घरच्या बायका, मग गल्ली. शिवांजलीनं हात पुढं केला. त्यानं अंगठा दुमडला, बोटांची मुळं दाबली. माप तेच होतं. बांगड्या एकामागनं एक गेल्या, एकही वाढली नाही. पोरीनं वाकून नमस्कार केला. बायकांनी डोळ्यांना पदर लावला. राहीआक्काचा जीव इतक्या दिवसांनी भांड्यात पडला. आणि ज्याच्यासाठी एवढं सगळं केलं तो चांदसाहेब आतनं काही वर येतंय का ह्याची वाट बघत बसला होता. काही आलं नाही. आनंद नाही की काही नाही.

राजेश्वरीची पाळी आली. ती समोर बसली, पण हात पुढं करेना. केला तर लाकडासारखा ताठ. मामू, त्या दिवशी माझ्याकडनं, असं काहीतरी म्हणायला लागली आणि अडखळली.

"हात सैल सोड," तो म्हणाला. "ताठ धरलास की तुलाच लागतंय."

तिनं सोडला. दुसऱ्या हातानं डोळे पुसत राहिली. त्यानं तिचे दोन्ही हात भरले.

शेवटी राहीआक्कानं रिवाजाप्रमाणं शिधा आणला, टॉवेल-टोपी आणली. त्याच्या मांडीवर एक खण ठेवला. मणेरणीचा मान. जरिना होती तेव्हा तिला, आता सुनेला. म्हणाली, सद्दाम, सून, तहरीम, सगळ्यास्नी लग्नाला आण बाबा. टॉवरचं झालं गेलं, पोरानं मनात ठेवू नये. फोन येतो न्हवं त्याचा?

"टॉवर गेल्यापास्नं रेंजच न्हाई, आक्का," चांदसाहेब म्हणाला. "फोन लागतच न्हाई."

बायकांनी माना डोलावल्या. व्हय की, रेंज लय कमी झाली, असं दगडाबाईसुद्धा म्हणाली. तेवढ्यात तिथंच, त्याच्या गुडघ्याशी ठेवलेला शिवांजलीचा फोन वाजला. नवऱ्या मुलाचा होता. पोरीचे दोन्ही हात नव्या बांगड्यांनी भरलेले, उचलता येईना. करवल्यांनी हसत हसत फोन तिच्या कानाला लावला, आणि ती लाजत बोलत राहिली. आवाज इतका स्वच्छ येत होता की तिकडचा पोरगा काय म्हणतोय तेसुद्धा पाटावर बसून ऐकू येत होतं.

राहीआक्कानं चांदसाहेबाकडं बघितलं. तो मान खाली घालून पेटीतल्या बांगड्या मापाप्रमाणं लावत होता. त्या लावलेल्याच होत्या. तिनं तो खण त्याच्या मांडीवरनं उचलला, घडी पुन्हा नीट घातली आणि त्याच्या हातात दिला.